दोनदा भाजलेली स्लॅब

"तुमच्या त्या स्लॅबनं माझा चहा बुडवला होता, काठकर," म्हातारा भट्टीवाला म्हणाला आणि हसला. बस वळणावर कलली तेव्हा त्यानं वरची दांडी धरायला हात उचलला. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजण्याचे पांढरे डाग होते. काठकरांनी विचारलं, कोणती स्लॅब. खरं तर विचारायची गरज नव्हती, पण माणूस अशा वेळी काहीतरी विचारतोच. ती हो, तुमची प्रसिद्ध, भट्टीवाला म्हणाला, जिच्या तुकड्याचा फोटो तुम्ही साहेब लोकांना पडद्यावर दाखवलात. दुपारची पाळी संपत आली होती, चहाचा ग्लास नुकता हातात घेतला होता आणि खालून निरोप आला की रोल अडकलेत, पोलादाची निम्मी लाटलेली स्लॅब परत येतेय, घ्या पुन्हा भट्टीत. "दोनदा भाजली ती," तो म्हणाला, "अशी स्लॅब मी उभ्या नोकरीत चार-पाचच पाहिल्या असतील." मग त्यानं काठकरांच्या मांडीवरच्या संत्र्यांच्या पिशवीकडे पाहिलं, दादांकडे निघालात वाटतं, जा, जा, असं म्हणाला आणि पुढच्या थांब्यावर उतरला. बस सुटली तरी तो थांब्यावर उभा राहून खिडकीकडे पाहत होता, आणि आता तो हसत नव्हता.

काठकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पोलादाच्या कारखान्यात, जिथे तापून लालपिवळी झालेली गादीएवढी जाड स्लॅब रोलांमधून पुन्हा पुन्हा लाटून तिचा पातळ लांबलचक पट्टा करतात, तिथे तीस वर्षं या माणसानं पट्ट्याच्या दोन कडांकडे पाहण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. पट्टा गुंडाळून थंड झाला की हे हातमोज्याचा अंगठा काठावरून फिरवत चालत, आणि जिथे अंगठा अडे तिथे खडूनं खूण करत. कुणीतरी कधीतरी थट्टेनं काठकर म्हणालं आणि ते चिकटलं. त्यांनाही ते मनातून आवडायचं. नवी माणसं आली की ते समजावून सांगत: काठ नेहमी आधी मरतो. मधल्या भागाची ऊब वरून आणि खालून जाते, काठाची मात्र बाजूनंही जाते. मधला भाग अजून लोण्यासारखा मऊ असतो तेव्हा काठ आखडायला लागलेला असतो, आणि रोल तर दोघांना सारखाच ताणतो. मऊ असतो तो लांबतो. आखडलेला असतो तो फाटतो. म्हणून काठावर पाणी पडता कामा नये, रोल थंड ठेवणाऱ्या फवाऱ्यांच्या टोकाला आडवे पत्रे लावायचे, ते पत्रे रोज बघायचे, डोळ्यांत तेल घालून बघायचे. हे सांगताना त्यांचा आवाज कापडाच्या दुकानदारासारखा प्रेमळ होत असे.

तीच बस, तीच खिडकी, बाहेर तीच दुकानांची रांग, एक बाई चपलेचा तुटलेला पट्टा हातात धरून रस्ता ओलांडतेय. काठकर पिशवीतली संत्री उगाच मोजू लागले. सकाळी वहिनीचा फोन आला होता, अकरा वर्षांत पहिला. "भावजी, येऊन जा. त्यांनी बोलावलंय असं नाही, मी बोलावतेय. डॉक्टरांनी हात टेकलेत." तेवढंच बोलून तिनं फोन ठेवला. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, त्याच कारखान्यातला ओतकामाचा फोरमन. वितळलेलं पोलाद साच्यातून ओतून त्याची स्लॅब करायची ते काम दादाचं आणि तिला भट्टीत तापवून, लाटून पट्टा करायचा ते यांच्या खात्याचं. साऱ्या कारखान्यात एक जुना विनोद होता की या दोघांच्या आईनं एकाच घरात दोन सवती जन्माला घातल्या, कारण ओतकामवाले आणि लाटणारे यांच्यात उभ्या जन्मात पटत नाही. पट्ट्याचा काठ फाटला की लाटणारे म्हणतात, स्लॅबच कोपऱ्यात तडकलेली आली. ओतकामवाले म्हणतात, आम्ही धड दिली होती, तुम्ही थंड करून फाडलीत. दोघंही कधी कधी खरं बोलतात, हीच तर अडचण. दादा जेवणाच्या सुट्टीत येऊन यांच्या खांद्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, काय बारक्या, आज कुणाच्या नावानं खडे फोडलेस. आणि डबा उघडून समोर बसायचा.

अकरा वर्षांपूर्वी महिनाभर काठ फाटत राहिले. एका कारखानदाराला दिलेली गुंडाळीमागून गुंडाळी परत आली. त्याच्याकडे पत्रा दाबून वळवताना काठातून चिरत होता. कुणाची चूक ते ठरवायचं काम काठकरांकडे आलं. भाऊच भावाचा न्याय करणार म्हणून लोकांनी कुजबुज केली, तर दादाच पुढे होऊन म्हणाला, त्याच्याइतकी नजर कुणाची नाही, तोच करू दे. चूक ठरवायचा एक साधा मार्ग आहे, आणि काठकर तो झोपेतही सांगू शकले असते. तड्याचा तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा, क्षणभर आम्लात बुडवायचा, भिंगाखाली धरायचा. तड्याच्या पोटात जळल्याची खपली असेल आणि तिच्या कडेला पोलाद फिकटलेलं असेल, तर तो तडा भट्टीतून गेलेला आहे, म्हणजे लाटण्याआधीचा, म्हणजे ओतकामातला. पोट स्वच्छ असेल तर तडा भट्टीनंतरचा, लाटताना पडलेला. त्यांनी तीन गुंडाळ्यांतून तीन तुकडे घेतले. ज्या गुंडाळीचे तडे सगळ्यांत खोल होते तिच्या तुकड्यात जाड, काळी, निःसंशय खपली होती. ती स्लॅब भट्टीतून एकदाच गेली की दोनदा, हे भट्टीच्या पाळीच्या वहीत एका ओळीत लिहिलेलं होतं. ती वही पन्नास पावलांवर खुंटीला टांगलेली असे. काठकर पन्नास पावलं चालले नाहीत.

उरलेल्या दोन तुकड्यांचं काय. बस सिग्नलला थांबली आणि ते दोन तुकडे जणू शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसले. दोन्हींची पोटं स्वच्छ होती. तेव्हा त्यांनी स्वतःला सांगितलं होतं की घासताना हे बिघडले, आम्लात जास्त वेळ राहिले, खपली धुऊन गेली. असं होतं कधी कधी. अहवालात एकाच तुकड्याचा फोटो गेला. बैठकीत त्यांनी तो पडद्यावर दाखवला, खपलीवर काठी ठेवली आणि तीन वाक्यांत दादाचं खातं उभं चिरलं. दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्यानं वाद घातला नाही, फक्त विचारलं, तीनही तसेच आहेत का रे. काठकर म्हणाले, दोन खराब झाले. दादानं मान हलवली. लहानपणी हे उत्तरपत्रिका दाखवायचे आणि दादा मान हलवायचा, तशीच अगदी. आठवड्याभरात त्याला ओतकामावरून काढून भंगाराच्या फाटकावर बसवलं. ज्यानं उभा जन्म वितळलेल्या पोलादाचा रंग बघून त्याची ऊब सांगितली, तो माणूस गंजक्या पत्र्यांनी भरलेल्या गाड्या आत-बाहेर सोडू लागला.

आणि फवाऱ्यापाशी लावलेला तो पत्रा. पत्र्याकडे मन गेलं तसं काठकरांनी संत्र्यांची पिशवी छातीशी घट्ट धरली. दादा फाटकावर गेल्यावर चौथ्या दिवशी ते रोलांच्या बाजूनं जात होते, आणि सवयीनं फवाऱ्यांकडे नजर गेली. डाव्या टोकाचा आडवा पत्रा वाकलेला होता. वीतभर, जास्त नाही. त्याच्या आडून पाण्याची एक धार तिरकी होऊन नेमकी तिथे पडत होती, जिथे तापलेल्या स्लॅबचा काठ येतो. किती दिवस पडत असेल? महिना? ते तिथे उभे राहिले. वाफेचा वास, लोखंड भिजल्याचा वास, कानांत रोलांची घरघर. कुणी पाहत नव्हतं. मग त्यांनी फिटरला बोलावून तो सरळ करून घेतला, दहा मिनिटांचं काम, आणि कुठे नोंद केली नाही. त्यानंतर काठ फाटायचे थांबले. सगळे म्हणाले, बघा, दादाला हलवलं आणि तडे गेले. काठकरही म्हणाले. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली, दुसऱ्यांदा कमी, आणि पुढे तर त्यांना खरंच तसं वाटू लागलं. किंवा वाटतंय असं वाटू लागलं. माणसाचं मन ही फार मोठी भट्टी आहे. त्यात नवी चीर टाकली की काही दिवसांनी ती जुनीच दिसायला लागते, दुसऱ्या कुणाच्या तरी हातची.

म्हणजे भट्टीवाल्यानं आज सांगितलं ते नवीन होतं का? होतं. ती स्लॅब दोनदा भाजली हे काठकरांना खरोखरच ठाऊक नव्हतं. पहिल्या फेरीत वाकलेल्या पत्र्याच्या पाण्याखाली काठ तडकला, रोल अडकले, स्लॅब परत भट्टीत गेली, आणि ताज्या तड्याच्या पोटात खपली धरली. लाटताना झालेली जखम जन्मखुणेसारखी दिसली. सगळं जुळलं. आणि जुळताच काठकरांच्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, आणि त्याची लाज त्यांना थांब्यावर उतरेपर्यंत पुरली. पहिला विचार असा होता, की आता सांगण्यासारखं काहीतरी हाताशी आलं. दादाला सांगता येईल, आज कळलं. आत्ता, बसमध्ये. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही.

उतरून ते चालू लागले. गल्लीत एक माणूस शिडीवर चढून दिव्याचा खांब रंगवत होता. हे दोघे भाऊ लहान असताना वडील त्यांना आठवड्यातून एकदा प्रार्थनेच्या हॉलमध्ये न्यायचे. तिथे एक वृद्ध गाऊन निरूपण करत, हातात लहानशी घंटा, मागे एक ढोलकवाला. एकदा त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. त्यानं देवाला दाखवायला आयुष्याची शाल सुबक घडी घालून नेली, नक्षी वर, डाग आत. देव म्हणाला, उलगड. आणि नक्षीकडे बघितलंही नाही, चारी कडांवरून बोट फिरवलं. मग ते वृद्ध डोळे मिटून गायला लागले, कडा सांभाळ, बाबा, कडा सांभाळ, मध्यावर तर ऊन सगळ्यांच्याच पडतं. हॉलमधली माणसं रडत होती. बारक्या झोपला होता, त्याला दादानं कोपरानं उठवलं आणि कानात म्हणाला, ऐक ना, किती गोड आहे. ती ओळ दादाला जन्माची लागली. ओतकामाच्या धडधडाटात, चेहऱ्यावर काळी काच ओढून, तो ती मोठ्यानं म्हणायचा, आणि त्याच्या हाताखालची माणसं म्हणायची, फोरमनसाहेब गातायत म्हणजे आज पोलाद चांगलं उतरतंय.

तिसऱ्या मजल्यावर दार वहिनीनं उघडलं. केस पांढरे झाले होते, पण पदर खोचायची तीच पद्धत. पिशवी हातात घेऊन ती आत गेली नाही. दार मागे ओढून जिन्याच्या कठड्याशी उभी राहिली. हळू आवाजात तिनं सांगितलं की ते जागे आहेत, आज बरं बोलतायत, फार वेळ बसू नका. आणि मग, कठड्यावरची न दिसणारी धूळ पुसत, ती म्हणाली की तो भट्टीवाला दादाला फाटकावर बसवलं त्याच आठवड्यात घरी आला होता, याच जिन्यात बसून रडला होता. स्लॅब दोनदा भाजली होती, हे दादाला तेव्हापासून ठाऊक आहे.  काठकरांनी विचारलं, मग दादानं वर का नाही सांगितलं.

"मी भांडले नाही का त्यांच्याशी," वहिनी म्हणाली. "म्हणायचे, मी सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. तो सांगेल तर त्याची मान ताठ राहील. त्याला अजून दिसलेलं नाही. दिसलं की तो एक दिवस थांबायचा नाही, धावत येईल बघ. अकरा वर्षं, भावजी. जिन्यात पाऊल वाजलं की उठून बसायचे. गाणं तर तेव्हाच थांबलं."

काठकर कठडा धरून उभे राहिले. अकरा वर्षं त्यांनी समजूत करून घेतली होती की दादा रुसलाय, दादा बोलत नाही, थोरल्याचा ताठा आहे. आपण लहान, आपण कशाला जा. आणि इथे एक माणूस त्यांच्या पावलांची वाट बघत होता. त्यांनी ठरवलं, आत जायचं आणि सगळं सांगायचं, दोन तुकडे, पत्रा, चौथा दिवस, फिटर. पायरीवरून खोलीपर्यंतच्या आठ पावलांत हा निश्चय पक्का होता.

खोली लहान आणि स्वच्छ होती. पलंग खिडकीला लावलेला, उशाशी औषधं, पाण्याचं भांडं, चष्मा. दादा इतका बारीक झाला होता की चादरीखाली काही आहे असं वाटत नव्हतं. हात मात्र अजून फोरमनचे होते, रुंद, जाड नखांचे, चादरीवर ठेवलेल्या अवजारांसारखे. त्यानं यांच्याकडे पाहिलं आणि डोळे आधी हसले. बस, म्हणाला. किती टक्कल पडलंय तुला, म्हणाला. मग धाप लागली म्हणून थांबला. काठकर पलंगाच्या लोखंडी चौकटीजवळ टेकले आणि त्यांचा अंगठा आपोआप चौकटीच्या काठावरून फिरू लागला. दादाला ते दिसलं.

"अजून सवय गेली नाही," तो म्हणाला.

काठकर म्हणाले, "दादा, ती स्लॅब दोनदा भाजली होती."

दादानं डोळे मिटले.  दारात वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली. बाहेर रंगाऱ्याच्या शिडीचा लोखंडी आवाज आला. मग दादानं डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत काठकरांना जे दिसलं त्याची त्यांना भीती वाटली, कारण तो राग नव्हता, दुःखही नव्हतं. ती निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मोठ्या भावाची नजर होती.

"तुला कधी कळलं रे?"

बोलता बोलता त्यानं मान उशीवरून उचलली होती. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आयुष्यात एवढ्या लक्षपूर्वक काठकरांचं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. पत्रा त्यांच्या ओठांवर होता. दोन तुकडे होते. ते बोलले असते तर कदाचित आकाश कोसळलं नसतं. दादा कदाचित तेही गिळून म्हणाला असता, बरं, आलास ना. पण त्यांना ती उचललेली मान दिसली, आणि अकरा वर्षांत जिन्यात वाजलेलं एकेक पाऊल दिसलं, आणि शिवाय, ते खोटं कशाला सांगा, त्यांना भीतीही वाटली. दया कुठे संपली आणि भीती कुठे सुरू झाली, हे त्यांना पुढे कधीच वेगळं करता आलं नाही, कुठल्याही भिंगाखाली.

"आज," ते म्हणाले. "आत्ता. बसमध्ये भट्टीवाला भेटला."

दादाचं डोकं उशीवर टेकलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओझं सरकत गेलं, हळूहळू, कपाळावरून गालांवर, गालांवरून हनुवटीवर. त्यानं तो रुंद हात उचलून काठकरांच्या हातावर ठेवला. तो हात थंडगार होता, बोटांच्या टोकांकडे तर अधिकच.

"ऐकलंस?" तो दाराकडे बघून म्हणाला, आणि आवाजात जिंकल्याची धार होती. "आज कळलं त्याला. आज कळलं आणि आजच आला."

वहिनीनं ऐकलं. तिनं दादाला पाणी पाजलं, ओठ पुसले, चादर सारखी केली, आणि मग काठकरांकडे पाहिलं. संत्र्याची साल काढून तिनं दोन फोडी दादाला भरवल्या, एक यांच्या हातावर ठेवली. दादा बोलत राहिला, तुकड्या-तुकड्यांनी: मी म्हणालो होतो, बारक्याची नजर पक्की आहे पण तो सरळ आहे, एकदा पुढे निघाला की मागे वळून बघत नाही, एवढाच दोष. आता वर कुणाला सांगत बसू नकोस, दोन वर्षं राहिलीत तुझी, कशाला. मला कळायचं होतं तेवढं कळलं. काठकरांनी मान हलवली. हातावरची फोड त्यांनी तोंडात घातली नाही; ती तळव्यात गरम होत राहिली. दादाचा डोळा लागतोसा दिसला तेव्हा ते उठले.

वहिनी दारापर्यंत आली. चपला घालताना त्यांना तिची पावलं दिसत होती, वर बघवत नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "उरलेलं कधीतरी मला सांगा. त्यांना नको."

दार लागलं. काठकर एक मजला उतरले आणि पाय निघेना म्हणून पायरीवर टेकले. परत वर जावं, दार ठोठावावं, सांगावं, अजून वेळ आहे, असं म्हणत ते उठले, चार पायऱ्या चढले. तेवढ्यात वरून आवाज आला. आधी त्यांना वाटलं वहिनी कुणाशी बोलतेय. मग कळलं. फाटका, धापेनं तुटणारा, सूर सोडून भलतीकडे जाणारा, पण आनंदी, स्पष्ट आनंदी आवाज, कडा सांभाळ, बाबा, कडा सांभाळ. एक ओळ, मग खोकला, मग पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून. जिन्याच्या खिडकीतून दिसलं, खाली शिडीवरचा रंगारी हात थांबवून वर बघत होता.

काठकर चौथ्या पायरीवर उभे राहिले. हात कठड्यावर होता, आणि अंगठा त्याच्या काठावरून वर सरकला, खाली सरकला, पुन्हा वर. गाणं थांबेल म्हणून ते वाट बघत होते. थांबलं की वर जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. ते थांबत नव्हतं.